साहेबाचं टेन्शन, शिपायाचं काळीज

मॅडमनी माझ्या टेबलावर तीन फाइली ठेवल्या. ठेवल्या म्हणजे जरा आपटल्याच. पहिलीत ईसीजी, टू-डी इको आणि ट्रेडमिल. दुसरीत रक्त-लघवी, थायरॉईड, बी-१२. तिसरी पोटाच्या डॉक्टरांची, तिच्यात एंडोस्कोपी. तिन्हींच्या तळाशी शब्द एकच, नॉर्मल.

"सगळं नॉर्मल आहे, तर मग मला होतंय काय?"

वय ४८. सरकारी बँकेत शाखाधिकारी. शाखा तालुक्याच्या गावी, घर पुण्यात, रोजचं जाणंयेणं. (नाव-गाव सांगणार नाही. खरं तर त्या एक बाई नाहीतच. दवाखान्यात आलेल्या तीन-चार जणींची मिळून मी ही एक केली आहे, म्हणजे कुणी कुणाला ओळखायला नको.) पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. मान आणि पाठ लाकडासारखी. छातीत मध्येच धडधड. आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजले की पोटात गोळा येतो, तो सोमवारी शटर उघडेपर्यंत तिथंच.

"टेन्शन आहे का काही?" मी विचारलं.

"टेन्शन कुणाला नसतं, डॉक्टर?"

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. ते उत्तर नसतं, दार लावून घेणं असतं. मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि तोही चुकीचाच होता: "काम फार पडतं का?"

त्या एकदम ताठ झाल्या. "काम? कामाला मी कधी भ्यायले नाही. नोटाबंदीत रात्री अकरा-अकरापर्यंत कॅश मोजलीय आम्ही. तेव्हा एक दिवस डोकं दुखलं नाही माझं."

मग आता काय झालं? आता सकाळी नऊला मोबाइलवर आकडे मागितले जातात. आज किती विमा पॉलिसी, किती क्रेडिट कार्डं, किती खाती. दुपारी पुन्हा. चारला पुन्हा. संध्याकाळी सहा चाळीसला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, तीत ज्या शाखेचा आकडा खाली तिचं नाव पंचेचाळीस शाखांसमोर वाचून दाखवतात. समोर पेन्शनर आजोबा एफडी करायला आलेले असतात आणि त्यांच्या गळ्यात पॉलिसी कशी घालायची याचा विचार करत मॅडम त्यांना चहा मागवतात. "शाखा माझी, सही माझी, काही झालं की मेमो माझ्या नावानं. आणि ठरवणारे दुसरेच," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वासहा झाले होते.

नोटाबंदीतलं काम आजच्यापेक्षा जास्त होतं. पण समोर रांग होती, ती संपवायची होती आणि कशी संपवायची ते शाखेनं आपसात ठरवलं होतं. या दोन कामांतला फरक शास्त्राच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

आपल्याकडची ठाम समजूत अशी, की जितकी मोठी खुर्ची तितकं मोठं टेन्शन. साहेबाला बीपी, साहेबाला शुगर, साहेबाला ॲटॅक; शिपायाचं काय, पाच वाजले की सुटला. या समजुतीला काही काळ विज्ञानाचाही आधार मिळाला. १९५८ साली जोसेफ ब्रॅडी या अमेरिकी संशोधकानं माकडांच्या जोड्या खुर्च्यांना जखडून प्रयोग केला. दोघांनाही विजेचे झटके बसायचे. एकाच्या हाताशी खरी कळ होती. ती वेळेवर दाबली तर दोघांचाही झटका टळे. दुसऱ्याची कळ नुसती शोभेची. निर्णय घेणारी माकडं पोटात व्रण होऊन मेली, शोभेच्या कळीवाली धडधाकट राहिली. 'एक्झिक्युटिव्ह माकड' जगभर गाजलं, आणि ॲसिडिटी हा साहेब लोकांना मिरवायचा दागिना झाला.

प्रयोगात एक खोट होती. कोणत्या माकडाला 'अधिकारी' करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. पूर्वचाचणीत जी माकडं भराभर कळ दाबत होती त्यांनाच ती जागा दिली होती. म्हणजे मुळातच उतावीळ, चिंतातुर जिवांना. पुढं जे वाइस नावाच्या संशोधकानं उंदरांवर असाच प्रयोग केला, या वेळी निवड नशिबावर सोडून. निकाल उलटा आला. झटके दोघांना सारखेच बसले, पण ज्याच्या हाती कळ होती त्याच्या पोटात व्रण कमी. हाल झाले ते ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याचे.

माणसांच्या बाबतीत याचा छडा लागला तो लंडनमध्ये. व्हाइटहॉल म्हणजे तिथलं मंत्रालय समजा, सरकारी कचेऱ्यांचा रस्ता. १९६७ साली तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली. डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोझ यांनी ती उभी केली आणि पुढं मायकेल मार्मट यांनी तिच्यातून निघालेली गोष्ट जगाला सांगितली. अभ्यासाला जागा फार चांगली सापडली होती. सगळे सरकारी नोकर, कुणी उपाशी नाही, कुणाची नोकरी उद्या जाईल अशी स्थिती नाही, सगळ्यांना एकच सरकारी दवाखाना. आणि उतरंड अशी रेखीव, की कोण कुणाच्या वर हे कागदावर लिहिलेलं.

अपेक्षा होती साहेबांची हृदयं आधी बंद पडतील अशी. पडली ती दारवानांची आणि टपाल वाहणाऱ्यांची. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघालं. खालच्या लोकांत सिगारेट जास्त, हे खरं. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी ही तफावत जेमतेम एक तृतीयांश उलगडत होती. सर्वांत चक्रावणारी गोष्ट पुढचीच. मामला केवळ वरचे आणि खालचे असा नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूस, चांगला शिकलेला, चांगल्या पगाराचा, तोसुद्धा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा आजारी होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला प्रकृतीचा एक उतार.

मग १९८५ मध्ये तिथंच दुसरा अभ्यास सुरू झाला, आणि आपल्या प्रकरणाचा तो कणा आहे. कारण त्यात ३५ ते ५५ वयाची माणसं होती, एकूण १०,३०८, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. त्यांना नेहमीच्या प्रश्नांबरोबर वेगळे प्रश्नही विचारले. काम कसं करायचं ते तुम्ही ठरवता का? कधी थांबायचं ते ठरवता का? तुमचं कसब वापरायला वाव मिळतो का? ज्यांची उत्तरं 'नाही, नाही, नाही' अशी आली त्यांच्यात पुढच्या वर्षांत हृदयविकार जास्त आढळला. यावर शंका निघते: जो मुळात कुरकुऱ्या, त्याला सगळंच वाईट दिसणार. म्हणून त्या त्या खात्यातल्या व्यवस्थापकांकडूनही प्रत्येक पदाचा अंदाज मागवला, की या जागेवरच्या माणसाच्या हातात किती आहे. निष्कर्ष तोच. याच अभ्यासातला आणखी एक आकडा: दिवसाला ११ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत नैराश्याचा मोठा झटका येण्याचा धोका ७-८ तास काम करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्रात मांडलं होतं: नुसत्या भारी कामानं माणूस मोडत नाही, काम भारी आणि मुखत्यारी शून्य, या जोडीनं मोडतो. त्यांच्या सिद्धान्तासाठी मराठीत नवा शब्द घडवायला नको. 'त्याच्या तंत्रानं वागावं लागतं' असं आपण सासरच्या, भावकीच्या, साहेबाच्या संदर्भात सहज म्हणतो. स्वतंत्र म्हणजे स्वतःच्या तंत्रानं चालणारा, परतंत्र म्हणजे दुसऱ्याच्या. मॅडमना काम फार नव्हतं. त्यांचं काम परतंत्र झालं होतं, आणि जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच स्वतंत्र.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. संकट दिसलं की ॲड्रेनलिन सुटतं, पाठोपाठ कॉर्टिसोल. नाडी वाढते, साखर रक्तात उतरते, पचन थांबतं. म्हैस अंगावर धावून आली तर हे उपकारच आहेत. म्हैस निघून जाते आणि थोड्या वेळानं सगळं जागेवर येतं. कॉर्टिसोल एरवी सकाळी उठल्यावर भरात असतं आणि रात्री ओसरतं, तेव्हाच गाढ झोप लागते. सहा चाळीसची व्हीसी ही रोज येणारी म्हैस आहे, आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर 'टुमॉरो मस्ट' असा निरोप येतो तेव्हा ती अंगणात उभीच असते. अशी वर्षं गेली की रक्तदाब, पोटाचा घेर, साखर, झोप यांचं गणित बिघडत जातं. रिपोर्टांत ते उशिरा उतरतं. मॅडमच्या तीन फाइली खोटं बोलत नव्हत्या; फक्त त्यांच्या परीक्षेत हा प्रश्नच नव्हता.

आता, हे चाळिशी-पन्नाशीतच का? मराठीत चाळिशी म्हणजे चष्माही. जवळचं दिसेनासं होतं ते वय. नोकरीत हे वय विचित्र असतं. विशीतल्या पोराला साहेब बोलला तर तो सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. साठीतला दिवस मोजत असतो. मधल्याला घराचे हप्ते आहेत, पोरं दहावी-बारावीला किंवा इंजिनिअरिंगला, आईचा गुडघा, वडिलांचा विसरभोळेपणा. सोडता येत नाही. बढती घ्यावी तर बदली, न घ्यावी तर कालचा ज्युनिअर साहेब होऊन येतो. इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय पंचवीस वर्षांत कमावलेलं कसब, माणूस पाहून कर्ज ओळखण्याचं, हिशेबाची चूक वासावरून पकडण्याचं, ते संगणकाच्या एका खिडकीनं काढून घेतलेलं असतं. अनुभव हे या वयाचं भांडवल, आणि नेमकं तेच चलनातून बाद होतंय अशी धास्ती. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर या अर्थशास्त्रज्ञानं शंभरावर देशांची आकडेवारी जुळवून सांगितलं, की माणसाचं समाधान सरासरीनं ४७-४८ च्या सुमाराला तळ गाठतं. या वक्र रेषेवर तज्ज्ञांत वाद आहेत आणि सरासरीत कुणीच राहत नाही. पण माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं तर फारसं चुकल्यासारखं वाटत नाही.

बाईच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. स्वीडनमध्ये मारियान फ्रँकनहॉयझर यांनी व्होल्वो कंपनीतल्या पुरुष आणि स्त्री व्यवस्थापकांचा रक्तदाब आणि ताणाची संप्रेरकं दिवसभर आणि सुटल्यावरही मोजली. कामावर असताना दोघांत फार फरक नव्हता. पाच वाजल्यानंतर पुरुषांचे आकडे उतरू लागले. बायकांचे उतरेनात. घर म्हणजे पुरुषाला विसावा, बाईला दुसरी पाळी. ही कथा स्वीडनची, जिथं घरकाम वाटून घेतात असं आपण ऐकत आलो. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले, बायका ८१. जे करतात त्यांच्यातही बाईचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. मॅडम आठला घरी पोचतात तेव्हा त्यांचे मिस्टर, भला माणूस आहे, कुकर लावून ठेवतात आणि विचारतात, "भाजी कुठली करायची?" तेवढं ठरवणंसुद्धा त्यांच्याच माथी.

त्यात पाळी जाण्याचं वय. आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास पाळी थांबते. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत झोप उडणं, अंगातून वाफा निघणं, कारण नसताना रडू कोसळणं हे होतं, आणि नैराश्याचा धोकाही या काळात वाढतो. गंमत म्हणजे हे कारण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. ऑफिसात बाई चिडली की 'त्यांचं ते वय आहे', आणि खरोखर त्या वयामुळं त्रास होत असेल तेव्हा तो सांगायला जागा नाही. मॅडमना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चौथी फाइल झाली, पण ती उपयोगी पडली.

पुरुष मात्र फाइल घेऊन येत नाहीत. त्यांना बायको घेऊन येते.

भोसरीतल्या एका कारखान्यातले सुपरवायझर, वय ५२, हेही असेच दोघा-तिघांचे मिळून. बीपीची गोळी वाढवून घ्यायला आले होते. बाई म्हणाल्या, "घरात कुणाशी बोलत नाहीत हो. बोलले की खेकसतात. पोरगी समोर आली तरी उठून गॅलरीत जातात." ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागते, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. दोन लाइनी बंद झाल्या होत्या, कायम कामगार घरी गेले होते, कंत्राटी पोरं भरली होती. कुणी त्यांना काढलं नव्हतं. फक्त कॅन्टीनमध्ये दर महिन्याला नवी यादी निघायची, म्हणजे अफवा.

अफवेनं माणूस आजारी पडतो का? व्हाइटहॉलमध्ये हेही अभ्यासायला मिळालं. ब्रिटिश सरकारनं आपलं इमारतींचं एक खातं विकायचं ठरवलं. विक्री व्हायच्या आधीच, नोकऱ्या जागेवर असताना, त्या खात्यातल्या लोकांची प्रकृती इतर खात्यांच्या तुलनेत घसरू लागलेली जेन फेरी आणि सहकाऱ्यांना दिसली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. कुणाची नोकरी जाणार नाही, असं जाहीर झालं होतं. तरी 'आपली शाखा राहते की बाजूची' या एका प्रश्नावर कित्येकांनी कित्येक महिने झोप काढली नाही, आणि आमच्याकडे ते ॲसिडिटी म्हणून आले. योहानेस झीगरिस्ट या समाजशास्त्रज्ञानं सांगितलंय, की राबणं आणि त्याचा मोबदला यांचा तोल गेला की शरीर बिघडतं. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही तो मोजतो. आमच्या सुपरवायझरसाहेबांना पगार वेळेवर मिळत होता.

पुरुषाचं नैराश्य रडत नाही, चिडतं. किंवा गप्प होतं, पितं, गाडी वेगात चालवतं, कंबर दुखते म्हणतं. म्हणून ते ओळखू येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत पुरुष १,२२,७२४. राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर, २२,७४६. प्रत्येकामागं नोकरीच असते असं मुळीच नाही. कर्ज, आजार, दारू, घरचे कलह असे अनेक धागे गुंतलेले असतात. पण एवढं नक्की, की 'मला जमत नाहीये' हे तीन शब्द बोलायची पुरुषाला सवय नाही. मी सुपरवायझरना सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का कधी?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे, उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिला बाहेर पाठवा." घरात कुणाबद्दल अशी शंका आली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक जवळ ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

साधा वैताग आणि आजार यांतली रेघ कुठं ओढायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. सुट्टीत बरं वाटतं का, हे पाहा. गणपतीला चार दिवस गावी गेल्यावर झोप लागली, भूक लागली, पोरांशी पत्ते कुटले, तर बिघाड बहुतेक कामात आहे. गावीही मन रमलं नाही, आवडीची गोष्ट नकोशी झाली, आणि असं सलग दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसभर राहिलं, तर नैराश्याची शंका घ्यायची आणि डॉक्टर गाठायचा. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, जिला मी करपणं म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिची नोंद घेतली, तीही आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून. तिची लक्षणं तीन: पार गळून जाणं, कामाबद्दल आणि समोरच्या माणसांबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. यातला तुसडेपणा महत्त्वाचा. काउंटरवर खेकसणारा कारकून, वर्गात मुलांना टोचून बोलणाऱ्या बाई, पेशंटकडे न बघता प्रिस्क्रिप्शन लिहिणारा डॉक्टर (यात मीही आलो, विशेषतः रात्री नऊनंतर) हे सगळे स्वभावानंच वाईट असतात असं नाही.

उपचारांबद्दल दोन गैरसमज फार पक्के आहेत. पहिला, मानसोपचाराची गोळी म्हणजे झोपेची गोळी, एकदा लागली की सुटत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलवाल्याशी ओळख काढून वर्षानुवर्षं खातात. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तशी चटक लागत नाही, फक्त आपल्या मनानं एकदम बंद करायची नसतात. दुसरा गैरसमज, समुपदेशन म्हणजे चार गोड शब्द. ते शब्द घरीही मिळतात. चांगला समुपदेशक तुमच्या विचारांची उलटतपासणी करतो. 'माझा आकडा कमी आला, म्हणजे मी नालायक' या वाक्यातला 'म्हणजे' कुठून आला, ते तो विचारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकीच जागा द्यायला सांगितलं आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता एका गोष्टीबद्दल मला थोडं कडवट बोलायचंय. कंपन्या आणि कचेऱ्या हल्ली तणावमुक्तीच्या कार्यशाळा घेतात. शनिवारी सुट्टीच्या दिवशी, हॉटेलात, योगासनं, हास्य, एक लाकडी फळी फोडणं, शेवटी जेवण. मीही अशा चार-दोन ठिकाणी भाषणं ठोकली आहेत, मानधन घेऊन. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये निबंध आला. ताण कसा सोसावा याचे वर्ग, ध्यानाची ॲपं वगैरे घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. प्राणायाम खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः करतो. पण छप्पर गळत असताना घरच्यांना पोहायला शिकवण्यातला हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाची पद्धत बदलणं आणि हाताखाली माणसं असणाऱ्यांना प्रशिक्षण देणं यांवर भर आहे. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशाच आशयाचं खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, त्याचा कायदा झाला नाही.

मॅडमनी नऊ महिने औषध घेतलं आणि आठ-दहा वेळा समुपदेशकाकडे गेल्या. तीनची जाग गेली, पाठ अजून दुखते. टार्गेट बदललं नाही; ते त्यांच्या हातात नव्हतंच. पण शाखेतल्या सहा जणांना बसवून त्यांनी एवढं ठरवलं, की आकडे गोळा करायचं काम आठवड्याला एकानं करायचं, बाकीच्यांना दिवसभर कुणी विचारायचं नाही, आणि साठीपुढच्या गिऱ्हाइकाला पॉलिसी विकायची नाही. विमा कमी झाला, व्हीसीत नाव वाचलं गेलं. "वाचू देत," त्या म्हणाल्या. सुपरवायझर तिसऱ्या भेटीनंतर पाच महिने आले नाहीत. मग आले, या वेळी एकटे.

हा मजकूर लिहिताना मी आमच्या दवाखान्यात एक दिवस मोजलं. रिसेप्शनवरच्या बाईंना मी सकाळच्या तीन तासांत सतरा वेळा हाक मारली होती, त्यांतल्या अकरा हाका 'किती राहिलेत?' एवढंच विचारायला. बाहेर किती पेशंट राहिलेत ते मला दाराच्या काचेतून दिसतं. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर आजचा ऑफिसचा ग्रुप उघडा आणि 'स्टेटस?' किती वेळा लिहिलंत ते मोजून पाहा.